अपडेट वरून येईल!

डिंडोलीत, गोडादऱ्यात किंवा नवागामात कुठल्याही रो-हाउसच्या ओट्यावर उभं राहून फोनमधली वाय-फायची यादी उघडून बघा. दहा-पंधरा नावं सहज दिसतील. कोणी मुलाचं नाव ठेवलेलं, कोणी कुलदेवीचं, कोणी ‘फुकट्यांनो दूर राहा’ असं सरळ बजावलेलं. त्यांच्यात चार-पाच नावं मात्र अशी असतात, की आधी कंपनीचं नाव आणि मागे सहा आकडे. त्या घरात कनेक्शन देणारा मुलगा पेटी बसवून गेला आणि त्यानंतर त्या पेटीला कुणीही हात लावलेला नाही, हे तेवढ्यावरूनच कळतं.

फोनचं अपडेट आलं की आपल्या घरातली दहावीतली पोरंही ते रात्री चार्जिंगला लावून करून टाकतात. राउटर बिचारा टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेला. त्याच्यावर धूळ बसते, पाल अंडी घालते, दिवाळीच्या साफसफाईत एकदा फडकं फिरतं. पण त्याच्या पोटातल्या सॉफ्टवेअरची, म्हणजे फर्मवेअरची, साफसफाई कधी झाली, हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. माझ्या सासऱ्यांचं मत अहिराणीत, आणि एका वाक्यात: ‘चालस ना, मंग कसाले हात लावस?’

हा प्रश्न अडाणी नाही. चालू यंत्राला विनाकारण हात लावू नये, हे लूमच्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचं शहाणपण आहे. फक्त लूम रस्त्यावर उघडा ठेवलेला नसतो. राउटर ठेवलेला असतो. तो घरात टांगलेला असला तरी त्याचं एक तोंड आपल्या खोलीकडे आणि दुसरं साऱ्या जगाकडे आहे. इंटरनेटवर दिवसरात्र फिरणारे आपोआप चालणारे प्रोग्राम घरोघरच्या राउटरची कडी वाजवून बघत असतात. जिथे ती नुसतीच अडकवलेली असेल, तिथे आत.

आता आमच्या सोसायटीत काय झालं ते सांगते. मी घरी बसून एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचं पंचिंग करते. साडीवर जी जरीची बुट्टी दिसते, तिची टाक्यान्‌टाक्याची फाइल संगणकावर तयार करून खात्यावर पाठवायची. एका फाइलमागे कधी दोन दिवस जातात आणि ती बाहेर फुटली तर आठवड्याभरात मार्केटमध्ये तीच बुट्टी दुसऱ्याच्या साडीवर दिसते. म्हणजे इंटरनेट ही माझ्यासाठी सिरियल बघण्याची सोय नाही, ते माझं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या ओळीतल्या एका काकूंनी तक्रार केली, की फोनवर आरतीची साइट उघडली की मधेच जुगाराच्या खेळाची जाहिरात येते. त्यांच्या मुलाने फोन रीसेट केला. तरी तेच. मग लक्षात आलं, की फोन मोबाइल डेटावर असला की काही होत नाही, घरच्या वाय-फायवर आला की जाहिरात हजर. आणखी तीन घरांत तोच प्रकार. चारही घरांत एकाच कंपनीने बसवलेली एकच पेटी, एकाच मॉडेलची. तीच माझ्याही घरात होती.

अशा वेळी राउटरमधला डीएनएसचा पत्ता बघायचा असतो. डीएनएस म्हणजे इंटरनेटचा चौकशी-खिडकीवाला. आपण नाव सांगतो, तो पत्ता सांगतो. कोणी राउटरमध्ये शिरून हा खिडकीवालाच बदलला, की आपण बँकेचं नाव विचारावं आणि त्याने भलत्याच दारात नेऊन सोडावं, इतकं ते सोपं होतं. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह आणि प्रमाणपत्राचा इशारा अशा वेळी बऱ्याच अंशी वाचवतो, पण तो इशारा ‘पुढे चला’ म्हणून दाबून टाकणारे आपल्याकडे थोडे नाहीत. काकूंच्या राउटरमधला पत्ता बदललेला होता. आम्ही तो नीट केला, पासवर्ड बदलला, राउटर फॅक्टरी रीसेट केला. चार दिवसांनी पुन्हा तेच. चोराला चावीची गरजच नव्हती, भिंतीला भगदाड होतं. राउटरच्या पानावर फर्मवेअरची तारीख चार वर्षांपूर्वीची.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. तक्रार केली. पहिला प्रश्न आला, ‘लीली लाइट छे ने?’ हिरवा दिवा लागतोय ना? लागतोय. ‘तो पछी चाले.’ मग फर्मवेअरचं विचारलं. ‘ते वरून येईल.’ वरून म्हणजे कुठून? ‘कंपनीतून.’ कंपनीला ई-मेल केला, तर उत्तर आलं की पेटी बनवणाऱ्याने अपडेट दिलं की आम्ही देऊ. पेटी बनवणाऱ्याच्या साइटवर आमचं मॉडेलच नव्हतं. त्यांना लिहिलं, तर ते म्हणाले की हा माल आम्ही सेवा कंपनीसाठी खास बनवून दिला होता, त्यांनाच विचारा. वर्तुळ पूर्ण. आणि मी स्वतः फाइल आणून टाकावी म्हटलं, तर अपडेटचं बटणच लपवलेलं. कारण या पेट्या कंपनी दुरून सांभाळते. टीआर-०६९ नावाची पद्धत आहे, तिच्यातून सेटिंग, पासवर्ड, फर्मवेअर सगळं कंपनीच्या सर्व्हरवरून होतं. सोय चांगली आहे. फक्त किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याने कधीतरी यावं, एवढीच अपेक्षा.

हे इतकं रेंगाळतं का, हे सुरतेच्या माणसाला समजावणं सोपं आहे. आपल्याकडे साडी एकाच हातातून निघत नाही. सूत एकाचं, लूमवर ग्रे कापड विणणारा दुसरा, रंगाई-छपाईची मिल तिसरी, एम्ब्रॉयडरीचं खातं चौथं, रिंग रोडवरचा व्यापारी पाचवा. साडीला डाग निघाला की व्यापारी मिलकडे बोट दाखवतो, मिलवाला ग्रे खराब होतं म्हणतो, लूमवाला सुताच्या नावाने बोटं मोडतो. राउटरचंही असंच. आतली चिप ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मीडियाटेक, रिअलटेक अशांपैकी एकाची. चिपबरोबर तिला चालवणारा सॉफ्टवेअरचा गठ्ठा येतो. तो बहुतेक वेळा लिनक्सच्या एखाद्या जुन्या आवृत्तीवर उभा. कारखाना त्यावर पेटी बनवतो, ब्रँडवाला त्यावर आपला रंग आणि नाव चढवतो, सेवा कंपनी त्यात आपली कुलपं घालते. आता मूळ लिनक्समध्ये दोष सापडून तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला, तरी ती दुरुस्ती या चार हातांतून खाली यायला हवी. यातल्या कुठल्याही एका माणसाने ‘हा माल आता आम्ही बनवत नाही’ म्हटलं, की खालचे सगळे मोकळे. आणि राउटर विकून पैसे एकदाच मिळतात. पुढच्या पाच वर्षांच्या अपडेटसाठी गिऱ्हाईक एक रुपया देत नाही, मग तो इंजिनीअर पोसायचा कोणी?

या साखळीची सगळ्यात बोलकी गोष्ट २०१४ सालची आहे. राउटरचं जे सेटिंगचं पान आपण ब्राउझरमध्ये उघडतो, ते दाखवायला राउटरच्या आत एक छोटा वेब सर्व्हर लागतो. अनेक कंपन्या तो स्वतः लिहीत नसत, अमेरिकेतल्या अलेग्रो सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘रॉमपेजर’ नावाचा तयार सर्व्हर घेत. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने जाहीर केलं, की रॉमपेजरच्या जुन्या आवृत्तीत असं भगदाड आहे, की विशिष्ट पद्धतीने घडवलेली एक ‘कुकी’ पाठवली की पासवर्डशिवाय राउटर ताब्यात येतो. त्याला त्यांनी ‘मिसफॉर्च्यून कुकी’ असं नाव दिलं. १८९ देशांत मिळून किमान १ कोटी २० लाख उपकरणं अशी सापडली. धक्का इथे नाही. अलेग्रोने तो दोष २००५ मध्येच दुरुस्त केला होता! दुरुस्त आवृत्ती नऊ वर्षं तयार होती, कारखान्यांना दिलेलीही होती. तरी नवेकोरे राउटर जुनाच तुकडा पोटात घेऊन बाजारात येत राहिले. कंपनीचं म्हणणं असं, की आम्ही नवीन आवृत्ती देऊ शकतो, उत्पादकाला ती वापरायला भाग पाडू शकत नाही. औषध दुकानात, रोगी घरात, आणि मधला रस्ता नऊ वर्षांचा.

२०२० मध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने घरगुती राउटर तपासले. सात ब्रँडचे १२७ राउटर. त्यातल्या ४६ राउटरना वर्षभरात एकही सुरक्षा अपडेट मिळालेलं नव्हतं, काहींना तर पाच वर्षांहून जास्त काळ नाही. एक तृतीयांशापेक्षा जास्त पेट्या लिनक्सच्या २.६.३६ किंवा त्याहून जुन्या आवृत्तीवर चालत होत्या, आणि त्या आवृत्तीची शेवटची सुरक्षा दुरुस्ती २०११ मधली. ही युरोपातल्या दुकानांत मिळणाऱ्या नामांकित मालाची कथा. आपल्या पेट्यांवर तर कधी ब्रँडचं नावही नसतं.

‘पण आमच्या राउटरच्या पानावर तर लिहून येतं की तुमची आवृत्ती अद्ययावत आहे!’ असं कोणी म्हणेल. त्यालाही एक जुनी गोष्ट आहे. असुस कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली, तिची तडजोड फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली. आयोगाच्या आरोपांत एक असा होता, की राउटरमधलं ‘अपडेट तपासा’ हे बटण दाबल्यावर अनेकदा तुमची आवृत्ती ताजीच आहे असं उत्तर मिळे, प्रत्यक्षात मात्र महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्यांसह नवी आवृत्ती तयार असे. त्याआधी, २०१४ मध्ये, हजारो लोकांच्या राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्क परक्यांनी उघडून पाहिल्या होत्या. कंपनीला वीस वर्षं आपल्या सुरक्षेची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणं मान्य करावं लागलं. तेव्हा त्या हिरव्या टिकमार्कवर आंधळा विश्वास नको. उत्पादकाच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या नावापुढची तारीख स्वतः बघावी. मॉडेलबरोबर ‘हार्डवेअर व्हर्जन’ही पाहावं, ते पेटीच्या खालच्या चिठ्ठीवर असतं. एकाच नावाच्या दोन पेट्यांच्या पोटात वेगळ्या चिपा असू शकतात आणि चुकीची फाइल टाकली तर पेटी कायमची बंद पडते.

आपल्या देशातही हे घडून गेलं आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मॉडेमवर मालवेअरचा हल्ला झाला. कारखान्यातून आलेला ‘अॅडमिन’ हाच पासवर्ड ज्यांनी तसाच ठेवला होता ते मॉडेम त्यात सापडले आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचं आवाहन करावं लागलं. त्याच्या आधीच्या वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट असंच एका हल्ल्याने कोलमडलं होतं. पण तिथे कंपनीने एक-दोन दिवसांत नवं फर्मवेअर तयार करून दिलं. ‘राउटर काही वेळ बंद करा आणि पुन्हा लावा,’ एवढंच ग्राहकांना करायचं होतं. ज्या दूरच्या किल्लीबद्दल मी मघाशी कुरकुर केली, ती किल्ली मनात आणलं तर किती लवकर फिरते, हे त्यावरून दिसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आमच्या गल्लीत खांबावर चढणारा कनेक्शनवाला मुलगा मला माफ करणार नाही. अपडेट फसलं तर काय होतं हे त्याला विचारा. एका रात्रीत पाच हजार पेट्यांना नवीन फर्मवेअर पाठवलं आणि त्यातल्या शंभरातल्या दोन जरी बंद पडल्या, तरी सकाळी शंभर घरांतून फोन. प्रत्येक घरी माणूस पाठवायचा, पेटी बदलायची, शिव्या खायच्या. त्या फोनना उत्तर देणारी माणसं चार. त्यामुळे चालतंय ते चालू द्या, असं कंपनीलाही वाटतं. म्हणजे माझे सासरे आणि कंपनीचा मॅनेजर यांचं धोरण एकच आहे! फरक इतकाच, की सासऱ्यांना महिन्याचं भाडं कोणी देत नाही.

आपल्यातल्या हुशार मुलांना या सगळ्यात आवडेल अशी एक गोष्ट आहे, तीही सांगून टाकते. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आला. पुढच्या वर्षी काही उद्योगी लोकांच्या लक्षात आलं, की त्याच्या आत लिनक्स आहे. लिनक्सचा परवाना असा, की ते वापरून माल विकलात तर त्याचा सोर्स कोडही खुला करावा लागतो. बराच आग्रह झाल्यावर २००३ मध्ये कंपनीने तो खुला केला. त्यावरून २००४ मध्ये ‘ओपनवर्ट’ हा प्रकल्प सुरू झाला. नावातलं ‘वर्ट’ त्या राउटरच्या नावातल्या अक्षरांवरूनच आलं आहे. आज शेकडो मॉडेलवर ते चालतं, आणि उत्पादकाने हात वर केल्यानंतरही कित्येक वर्षं त्या पेट्यांना दुरुस्त्या मिळत राहतात. पण उडी मारण्याआधी दोन गोष्टी. कनेक्शनबरोबर मिळणाऱ्या फायबरच्या पेट्यांवर ते बहुधा चालत नाही, आणि अगदी स्वस्त राउटरमध्ये मेमरी इतकी तुटपुंजी असते, की नवीन ओपनवर्ट मावतच नाही. राउटर विकत घेतानाच ओपनवर्टच्या यादीत त्याचं नाव बघून घेतलं तर पुढे पस्तावावं लागत नाही.

कायदा हळूहळू जागा होतोय. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती स्मार्ट उपकरणांना सगळ्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकायला बंदी आहे, आणि अपडेट किमान किती काळ मिळेल हे विक्रेत्याला सांगावं लागतं. युरोपीय संघाचा सायबर लवचिकतेचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारी संस्था २००४ पासून काम करते. कुठल्या उपकरणात काय दोष सापडला याच्या सूचना ती प्रसिद्ध करते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर संगणक आणि फोन तपासायची मोफत साधनं मिळतात. मात्र दुकानात राउटरच्या खोक्यावर ‘अपडेट अमुक सालापर्यंत’ असा शिक्का मला अजून दिसलेला नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, खोकल्याच्या औषधावर असते. ज्या पेटीतून घराचा सगळा पैसा ये-जा करतो तिच्यावर नाही.

आमच्या चार घरांचं पुढे काय झालं? ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीला डॉकेट क्रमांक मिळतो, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आम्ही चौघांनी वेगवेगळे डॉकेट घेतले आणि चौघांनीही अपील केलं. अपिलात ‘नेट स्लो आहे’ असं लिहिलं नाही, कारण त्यावर ‘स्पीड तपासली, बरोबर आहे’ असं उत्तर येऊन प्रकरण बंद होतं. मॉडेल, फर्मवेअरची तारीख, बदललेल्या डीएनएसचा फोटो आणि रीसेटनंतर किती दिवसांत तो पुन्हा बदलला, हे लिहिलं. अपडेट आलं नाही. पण पेट्या बदलून मिळाल्या, फुकट. नव्या पेटीचं फर्मवेअर त्या वेळी सात महिन्यांचं होतं. आता ते पंधरा महिन्यांचं झालं आहे.

म्हणून मी घरात वेगळीच रचना केली आहे. कंपनीची पेटी नुसती फायबर घेऊन येते, तिच्यातलं वाय-फाय बंद. तिच्यामागे माझा स्वतःचा राउटर, ज्याचं अपडेट माझ्या हातात आहे आणि रात्री तीनला आपोआप होतं. दारावरचा कॅमेरा आणि टीव्ही पाहुण्यांच्या नेटवर्कवर, डिझाइनचा संगणक त्यांच्यापासून दूर. दुरून लॉगिन करण्याची सोय बंद, डब्ल्यूपीएसचं बटण बंद. हा खर्च प्रत्येकाने करावा असं नाही. पण राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदलायला पैसे पडत नाहीत, आणि वाय-फायचा पासवर्ड वेगळा व अॅडमिनचा वेगळा, हे घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून ठेवायला हवं. अपडेट चालू असताना पेटी बंद करू नका, मग मॅच कितीही रंगात आलेली असो. पैसे गेलेच तर १९३० वर त्याच तासात फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

यंदा गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडपात आरतीनंतर एक टेबल लावायचं ठरलं आहे. कॉलेजातली तीन मुलं आणि मी बसणार. येताना राउटर उचलून आणू नका. पेटीच्या खालच्या चिठ्ठीचा फोटो आणा, ज्यात मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन दिसेल, आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा चिठ्ठीवर छापलेला पत्ता उघडून फर्मवेअरच्या पानाचा दुसरा फोटो. पासवर्ड दिसेल असा फोटो मात्र कोणालाच, मलाही, दाखवू नका. ज्यांच्या पेटीची तारीख दोन वर्षांपेक्षा जुनी निघेल, त्यांचा अपिलाचा अर्ज तिथेच लिहून देऊ. सासऱ्यांनी आपला फोटो कालच काढून ठेवलाय.